जकार्तातली तरुण मुलं घरी का जात नाहीत?

शेवंती_जकार्ता (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. जकार्तात येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसात हिशेबाच्या खात्यात माझ्या हाताखाली सहा जण आहेत, सगळे २४ ते २८ वयाचे. कामाला चोख, बोलायला गोड. मला 'बू' म्हणतात (म्हणजे 'इबू', आई आणि बाईसाहेब एकाच शब्दात). तेव्हा तक्रार कामाची नाही. मला पडलेलं कोडं सहा वाजल्यानंतरचं आहे.

ऑफिस सुटलं की ही मुलं घरी जात नाहीत. मागच्या गल्लीत कॉफीचं दुकान आहे, चार टेबलं, बाकी प्लास्टिकची स्टुलं. तिथे एकेक गार कॉफी घेतात आणि साडेदहापर्यंत बसतात. सोमवार ते शुक्रवार. मी एकदा विचारलं, काय करता हो एवढा वेळ? 'नोंगक्रोंग, बू.' म्हणजे काय? तर बसणं. बसून काय करता? सगळे एकमेकांकडे बघून हसले. एकजण म्हणाला, बसून काही नाही, बू.

हे माझं कुतूहल म्हणून ठीक होतं. पण आता माझी सोळा वर्षांची लेक, इथल्याच शाळेत जाते, ती म्हणते मलाही शुक्रवारी दहापर्यंत नोंगक्रोंगला जायचंय. दोन दिवसांच्या बांडुंगच्या सहलीला ती 'हीलिंग' म्हणते. अगं, बरं व्हायला तुला झालंय काय?

इंडोनेशियात राहिलेले, फिरलेले कोणी असतील तर सांगा. ही इथल्या तरुणांची नुसती फॅशन आहे की आणखी काही? आणि लेकीला पाठवू का?

ठसका (सोमवार, रात्री ९.५२)

एक कॉफी आणि चार तास? हे तर आमचं कॉलेज. फक्त कॉफीच्या जागी कटिंग होता आणि तोही दोघांत.

गिरणगावकर (सोमवार, रात्री ११.०५)

शेवंतीताई, मी पुरवाकार्ता-बांडुंग पट्ट्यात सूतगिरण्यांमध्ये २१ वर्षं काढली, म्हणून जरा लांब लिहितो.

नोंगक्रोंग तुमच्या पोरांनी शोधलेलं नाही. मूळ शब्दच उकिडवं बसण्याचा. माझ्या गिरणीतले कामगार पाळी सुटली की गेटाबाहेर तसे बसायचे, लवंगांची सिगारेट ओढत. त्यांच्यासाठी वारकोप असायचा, म्हणजे वारुंग कोपी: एक बाक, गरम पाणी, पुडीतली कॉफी आणि वर अंडं फोडलेलं इंडोमी, म्हणजे झटपट शिजणारे नूडल्स. जकार्तात सायकलवर थर्मास आणि पुड्यांच्या माळा लटकवून कॉफी विकणारे दिसतात ना, त्यांना पोरं 'स्टारलिंग' म्हणतात. स्टारबक्स कलिलिंग, म्हणजे फिरतं स्टारबक्स. चेष्टा करावी तर या लोकांनी.

आता घरी का जात नाहीत. तुमच्यातले निम्मे तरी बाहेरगावचे असणार आणि 'कोस'वर राहत असणार. कोस म्हणजे भाड्याची खोली, दहा बाय दहाची, एक गादी, एक कपाट. मित्राला बोलावलं तर मालकीण जिन्यात उभी, मैत्रिणीला तर विचारूच नका. उरलेले निम्मे देपोक, बेकासी, बोगोर अशा आसपासच्या शहरांकडचे. सहाला निघाले तर दोन तास गर्दीत उभे, नऊला निघाले तर बसायला जागा. मग ते दोन-तीन तास स्टुलावर काढले तर काय बिघडलं? तुमच्या हिशेबाच्या खात्यातली मुलं आहेत, हिशेब बरोबर केलाय त्यांनी.

कॉफीचंही सांगतो. २०१५ पर्यंत एकीकडे ही पुडीची कॉफी आणि दुसरीकडे मॉलमधली परदेशी साखळी, मधे फारसं काही नव्हतं. त्या वर्षी दक्षिण जकार्तात चिपेते भागात 'तोको कोपी तुकू' नावाचं छोटं दुकान निघालं. गार कॉफी, दूध आणि आरेन झाडाच्या रसाचा गूळ. आपल्या कोकण-गोव्यात माडाचा गूळ करतात त्याचाच भाऊबंद. त्या पेयाचं नाव 'शेजाऱ्याची गार दूधकॉफी'. लोकांनी रांगा लावल्या. २०१७ला 'कोपी कनांगान' आली, म्हणजे आठवणींची कॉफी, आणि तिचं गाजलेलं पेय 'माजी प्रेयसीच्या आठवणी'. पुढच्या वर्षी 'जांजी जिवा', म्हणजे जिवाचं वचन. आता गल्लोगल्ली तेच. १८ ते २५ हजार रुपिया, आपले शंभर-सव्वाशे. एवढ्यात चार तास पंखा, वायफाय आणि चार्जिंगचं भोक. ते भाडं आहे हो, कॉफी त्यावर फुकट.

पावभाजी (मंगळवार, सकाळी ८.१५)

तिथे दुधाला 'सुसू' म्हणतात हे अजून कोणीच कसं लिहिलं नाही? बालीला हॉटेलात मेन्यूवर 'कोपी सुसू' वाचून आमच्या बाबांनी ब्रेकफास्ट सोडला होता.

शब्दवेडी (मंगळवार, सकाळी १०.३०)

पावभाजी, तो विनोद इंडोनेशियाला गेलेला प्रत्येक मराठी माणूस करतो, तरी मी हसले.

गिरणगावकर, 'जिवा' म्हणजे खरंच आपला जीव, आणि 'गुला' म्हणजे आपला गूळच, संस्कृत गुडातून गेलेला. त्यांच्या भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द पोत्याने आहेत, पण वाटेत अर्थ असे फिरलेत की पोट धरून हसावं. सुआमी म्हणजे नवरा, इस्त्री म्हणजे बायको. 'चिंता' म्हणजे प्रेम! आणि 'संगसारा' म्हणजे हालअपेष्टा. तो आपल्या 'संसारा'वरूनच गेलाय. चिंतेपासून संसारापर्यंत सगळं जीवनदर्शन आलं की.

शेवंतीताई, तुमच्या लेकीशी बोलायला हे शब्द लागतील. तरुणांच्या बोलीत दोन शब्दांची शेपटं तोडून एक शब्द करायची भारी हौस. 'मागर' म्हणजे हलायचा कंटाळा. 'बापर' म्हणजे उगाच मनाला लावून घेणं. 'चुरहात' म्हणजे मन मोकळं करणं. आणि माझा लाडका 'बुचिन': बुदाक चिंता, म्हणजे प्रेमाचा गुलाम. मराठीत वाचलं तर चिंतेचा दास. दोन्ही खरंच.

याशिवाय 'आनाक जाकसेल' म्हणजे दक्षिण जकार्तातली पोरं. यांच्या दर वाक्यात इंग्रजी, 'व्हिच इज', 'लिटरली', 'बेसिकली'. त्यांची टिंगल करणारे व्हिडिओ बघून बघून आता टिंगल करणारेही तसंच बोलायला लागलेत. 'हीलिंग' तिथलंच. कोणी आजारी नाही, काळजी नसावी.

रोखठोक (मंगळवार, दुपारी १.२०)

कॉफी, गूळ, गोड गोड शब्द. वाचून असं वाटेल की तिथे सगळे आनंदात आहेत.

२०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या तरुणांत कोणता शब्द गाजत होता माहीत आहे? 'काबुर आजा दुलू', म्हणजे आधी इथून पळ काढू. जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला कसं जायचं याची माहिती पोरं एकमेकांना देत होती. त्याच महिन्यात विद्यार्थी काळे कपडे घालून 'अंधारा इंडोनेशिया' म्हणत रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये खासदारांना घरभाड्यापोटी महिन्याला ५ कोटी रुपिया मिळतात हे बाहेर आलं. जकार्ताचं किमान वेतन त्या वर्षी ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे आपले २८ हजार. नऊ-दहा पट फरक! आणि २८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांच्या चिलखती गाडीखाली २१ वर्षांचा ऑनलाइन रिक्षा... म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवणारा पोरगा गेला. त्यानंतर लाखोंनी आपले फोटो गुलाबी आणि हिरव्या रंगात रंगवले. हिरवा त्या चालकांच्या जाकिटाचा, गुलाबी पोलिसांसमोर ठाम उभ्या राहिलेल्या एका बाईच्या हिजाबचा.

याला मी तरुणांची संस्कृती म्हणेन. कॉफीची चव नव्हे. शिवाय तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय ती एसीत बसणारी मूठभर मुलं. बाकीची 'पिंजोल'मध्ये, म्हणजे मोबाइलवरच्या कर्जात बुडालेली आहेत.

गिरणगावकर (मंगळवार, दुपारी २.१०)

रोखठोक, घटना सगळ्या बरोबर. पण मला सांगा, त्या मोर्चांचं कुठे ठरलं असेल? स्टुलांवरच ना? ऑगस्टच्या सुरुवातीला स्वातंत्र्यदिनासाठी राष्ट्रध्वज लावा म्हटल्यावर पोरांनी ट्रकवर आणि घरांवर 'वन पीस' या जपानी कॉमिकमधला झेंडा फडकवला, गवती टोपी घातलेली कवटी. मंत्री चिडले, काही तर देशद्रोहापर्यंत गेले. कॉमिक वाचणारं पोरगं आणि मोर्च्यातलं पोरगं एकच होतं.

आणि मूठभर म्हणाल तर सितायामची गोष्ट ऐका.

२०२२चा जुलै. जकार्ताच्या मधोमध सुदिरमान रस्त्याजवळ दुकू आतास म्हणून भाग आहे, काचेच्या इमारती, मेट्रो, लोकल सगळं एकत्र येतं. तिथे सितायाम, बोजोंगगडे, देपोक अशा लांबच्या उपनगरांतून पोरं लोकलने यायला लागली. पंधरा-सोळा वर्षांची, बरीच शाळा सोडलेली. तिकीट आपल्या पंचवीस रुपयांच्या आसपास. कपडे बाजारातले, जुने, एकमेकांचे. आणि झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल लागला की ही पोरं मॉडेलसारखी चालायची! लोकांनी नाव दिलं सितायाम फॅशन वीक. सुदिरमान रस्त्यावरच्याच एका व्यापारी भागाचं इंग्रजी आद्याक्षरी नाव 'एससीबीडी', पोरांनी त्याचा अर्थच बदलला: सुदिरमान, सितायाम, बोजोंगगडे, देपोक.

मी तेव्हा कामासाठी जकार्तात होतो, मुद्दाम बघायला गेलो. एका पोराच्या पायात दोन वेगळ्या रंगांचे बूट होते. फॅशन आहे का विचारलं, तर म्हणाला, नाही पाक (म्हणजे साहेब), एक जोडी माझी, एक भावाची, दोघांचाही एकेक फाटला. तरी चालताना मान अशी, की पॅरिसवाल्याने रस्ता सोडावा.

पुढे जे व्हायचं ते झालं. आधी मोठे नट-नट्या फोटो काढायला आले. मग एका सिनेनटाच्या कंपनीने ते नावच आपल्या मालकीचं म्हणून नोंदवायला अर्ज टाकला. एवढा ओरडा झाला की मागे घ्यावा लागला. मग रात्री दहाला पोलीस येऊन पांगवू लागले, रस्ता अडतो म्हणून. महिन्याभरात संपलं. त्या पोरांना बसायला दुसरी जागा कोणी दिली नाही.

रोखठोक (मंगळवार, दुपारी २.४५)

बुटांची गोष्ट पटली. मूठभर हा शब्द मागे. पिंजोल मागे घेत नाही.

डबलबेल (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

अवांतर, पण इथे नाही तर कुठे लिहू?

२०१६च्या शेवटी 'ओम तलोलेत ओम' म्हणून जगभर गाजलं होतं, आठवतं का? जावामधली पोरं हायवेच्या कडेला उभी राहून लांब पल्ल्याच्या बसना पाट्या दाखवायची: काका, हॉर्न वाजवा की! तो संगीताच्या तालावरचा हॉर्न म्हणजे तलोलेत. वाजला की पोरं नाचायची. परदेशातले मोठे मोठे डीजेही ते लिहायला लागले.

त्याच बसवेडातून 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाइल गेम आला. आणि आता ऐका. माझा भाचा साताऱ्यात बसून त्यात एसटीची लालपरी चालवतो! आपल्याच पोरांनी तिची रंगसंगती बनवून टाकलीय, पाटीवर 'सातारा-स्वारगेट' सुद्धा. बाहेर मात्र नारळाची झाडं आणि जावाचा टोलनाका. परवा म्हणाला, मामा, खंबाटकी नाहीये यात, बाकी सगळं बरोबर आहे.

ठसका (मंगळवार, संध्याकाळी ६.४१)

सुट्टे पैसे मागणारा कंडक्टर आहे का? नसेल तर खोटं आहे.

कानात_कापूस (मंगळवार, रात्री ८.००)

हॉर्नचा विषय निघालाच आहे तर 'साउंड होरेग' ऐका, नको, ऐकू नका, वाचा. पूर्व जावा, मालांग-ब्लितारकडचं प्रकरण. ट्रकवर दोन मजली स्पीकरच्या भिंती, गावातून मिरवणूक, पुढे पोरं-पोरी नाचताहेत. होरेग म्हणजे जावानीजमध्ये हादरणं. आणि हादरतंच: खिडक्या फुटल्या, कौलं घसरली. गावातली पोरं वर्गणी काढून हे मागवतात. २०२५च्या जुलैत पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने फतवा काढला, त्रास आणि नुकसान होत असेल तर हे हराम. मग ऑगस्टमध्ये सरकारने मर्यादा घातली, चालत्या मिरवणुकीला ८५ डेसिबल आणि एका जागी १२०.

माझं घर आमच्या गावच्या विसर्जन मार्गावर आहे. फतव्याची बातमी मी फ्रिजवर लावलीय.

पावभाजी (मंगळवार, रात्री ८.०९)

फतवा मराठीत आणता येतो का? कोणाशी बोलावं लागेल?

घाटावरचा (मंगळवार, रात्री ८.३०)

मला एक कळत नाही. एवढा मोठा मुस्लीम देश, तिथे पोरी रात्री दहापर्यंत कॅफेत, नाचताहेत वगैरे कसं चालतं?

अळूवडी (मंगळवार, रात्री १०.१५)

घाटावरचा, प्रश्न प्रामाणिक समजून उत्तर देते. मी बांडुंगला दोन वर्षं शिकले.

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली हिजाब घालायच्या आणि त्यातल्या दोघी मेटल, म्हणजे कर्कश रॉक संगीत, ऐकायच्या. बांडुंगपासून फार लांब नसलेल्या गारूतमधल्या तीन शाळकरी मुलींनी २०१४ मध्ये मेटल बँड काढला, 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. तिकडच्या सुंदानीज भाषेत बाचेप्रोत म्हणजे बडबडा, कलकलाट करणारा. सुरुवातीला गावातून शिव्या पडल्या. २०२४ला त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या, तिथे पोचलेला पहिला इंडोनेशियन बँड. तिघीही हिजाबमध्ये.

दुसरीकडे त्याच बांडुंगात 'हिज्रा'ची लाट आहे: आधी बाइक, टॅटू, स्केटबोर्ड करणारे पोरं-पोरी धर्माकडे वळतात, टोपी-स्नीकर घातलेल्या उस्तादांना, म्हणजे धर्मगुरूंना, ऐकायला मशिदी भरतात. काही जणी मैत्रीतून नाहीशा झाल्या, कारण त्यांना मुलगे असलेल्या गटात बसायचं नव्हतं. मला वाईट वाटलं होतं. आणि आचे प्रांतात २०११ला पंक पोरांना पकडून डोकी भादरली होती, हेही त्याच देशात. तेव्हा 'चालतं का' याचं उत्तर गावागणिक वेगळं. एका वाक्यात बसवायला जाऊ नका.

रमझानमध्ये मात्र मजा. संध्याकाळी रोजा सुटायच्या आधी वेळ काढत भटकायचं, त्याला 'नगाबुबुरित' म्हणतात. रस्त्यावर 'ताकजिल'चे, म्हणजे रोजा सोडायच्या गोड खाऊचे ठेले. २०२४ला तर ख्रिश्चन पोरं दुपारी तीनलाच जाऊन सगळं उचलायची, रोजेवाले येईपर्यंत ठेले रिकामे. त्यावर महिनाभर दोन्हीकडून विनोद चालू होते. त्याला नावच पडलं, ताकजिलचं युद्ध.

शेवंतीताई, लेकीला पाठवा. परत कशी येणार तेवढं आधी ठरवा. जाताना सगळं ठरतं, येताना फोनची बॅटरी संपते.

धावता_धोटे (बुधवार, पहाटे ५.२०)

जकार्तातल्या धावणाऱ्यांचं सांगू का? तिथे आता 'काल्चर' धावपटू असतात. काल्चर म्हणजे इंग्रजी कल्चरच, पण अर्थ 'भारी, फॅशनमधला'. महागडा बूट, गॉगल, धावणं दोन किलोमीटर, कॉफी दोन तास. आणि २०२४ला तर कहर: 'जोकी स्त्रावा'. स्त्रावा म्हणजे धावण्याची नोंद ठेवणारं मोबाइल ॲप. तुमचं खातं दुसऱ्याला द्यायचं, तो किलोमीटरमागे काही हजार रुपिया घेऊन तुमच्यासाठी धावणार, तुम्ही घरी झोपलेले. पोरगं धावून पैसे कमावतंय, दुसरं झोपून कौतुक.

मला माझ्या बायकोने विचारलं, तू कोणासाठी धावतोस? पैसे तरी घे.

शब्दवेडी (बुधवार, सकाळी ११.००)

मागच्या प्रतिसादात आनाक जाकसेलबद्दल लिहून माझ्याकडून एकांगी झालं. इंग्रजीच्या अगदी उलट टोक म्हणजे दिदी केंपोत. जावामधल्या सोलो शहराचे गायक, जावानीज भाषेत गायचे, विषय एकच: ती गेली. पन्नाशी उलटल्यावर २०१९ मध्ये अचानक विशीतली पोरं त्यांच्यामागे वेडी झाली. स्वतःला 'सोबात अंब्यार' म्हणवायची, म्हणजे चक्काचूर झालेल्यांचा मित्रसंघ. स्टेशनावर, बसस्टँडवर ताटातूट होणारी ती गाणी, आणि हजारो पोरं-पोरी एकसुरात रडत गाताहेत. मे २०२० मध्ये ते अचानक गेले. घर सोडून शहरात आलेल्या पोरांना आपल्या बोलीत कोणी रडून दाखवलं, म्हणून ते एवढं लागलं असावं, हे माझं मत.

शेवंती_जकार्ता (शनिवार, सकाळी ९.१०)

सगळ्यांचे आभार. तलोलेतपासून फतव्यापर्यंत सगळं वाचलं. काल शुक्रवारी मी गेले. लेकीला म्हटलं, पहिल्यांदा माझ्याबरोबर. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

साडेसहा ते सव्वादहा. पहिला अर्धा तास सगळे मोबाइलमध्ये, मी मनात म्हटलं, हेच ते. मग एकाने काहीतरी दाखवलं, हसले, पुन्हा मोबाइल. कोणी गिटार आणली होती, वाजवली नाही. माझ्या खात्यातली सर्वांत गप्प मुलगी आठच्या सुमारास बोलायला लागली. ती सोलोची आहे, शब्दवेडी! पगारातले निम्मे घरी जातात, वडिलांचं आजारपण, धाकट्याची फी. इथे याला 'सँडविच पिढी' म्हणतात. दीड वर्ष मी तिच्या पगाराचा हिशेब रोज बघते आणि मला हे माहीत नव्हतं. कोणी तिला सल्ला दिला नाही. एकाने आपल्या ताटलीतलं तळलेलं केळं तिच्याकडे सरकवलं, बस. मग ती दिदी केंपोत गुणगुणली आणि उरलेले पाचही सामील झाले, त्यातले दोघे तर सुमात्राचे, त्यांना जावानीज येतसुद्धा नाही.

मी विचारलं, उठायचं केव्हा हे कसं ठरतं? म्हणाले, पहिलं कोणीच उठत नाही, बू. मग सव्वादहाला मीच उठले आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

लेकीला नऊपर्यंतची परवानगी दिलीय. ती म्हणते, नऊला तर सुरू होतं.

ठसका (शनिवार, सकाळी ९.१८)

सगळं ठीक, बिल कोणी दिलं?

शेवंती_जकार्ता (शनिवार, सकाळी ९.२५)

बू असल्यावर दुसरं कोण देणार? आठ कॉफ्या, १ लाख ७६ हजार. रुपिया हो, रुपिया. तळलेली केळी वेगळी.